मैदान आणि पडदा

ज्याने मैदानावर पराक्रम गाजवला, तो चित्रपटाच्या पडद्यावरही तसाच शोभून दिसेल, असे आपणांस सहज वाटते. खेळाडू बळकट असतो, चपळ असतो आणि लोकांचा लाडकाही असतो. मग नायक होण्यास आणखी काय हवे? या प्रश्नाचे उत्तर दोन खेळाडूंच्या जीवनात सापडते. त्यांतील एक आपल्या महाराष्ट्राचे, तर दुसरे दूरच्या अमेरिकेचे.

संदीप पाटील यांचा जन्म १९५६ साली मुंबईत झाला. दादरच्या शिवाजी पार्कच्या परिसरात ते लहानाचे मोठे झाले. जानेवारी १९८१ मध्ये सिडनी येथील कसोटी सामन्यात पॅस्को या वेगवान गोलंदाजाचा उसळता चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. ते जागच्या जागी कोसळले. अशा आघातानंतर एखाद्याने धीर सोडला असता. परंतु पुढच्याच कसोटीत, ॲडलेड येथे, त्यांनी त्याच प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध १७४ धावा काढल्या. १९८२ मध्ये मँचेस्टर येथे इंग्लंडच्या बॉब विलिस यांच्या एका षटकात त्यांनी सहा चौकार मारले. १९८३ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यातही ते ५१ धावा काढून नाबाद राहिले. मुंबईचे मोठे मैदान असो वा परभणी जिल्ह्यातील एखाद्या खेड्याचा माळ असो, असा फलंदाज कोणत्या मुलास आवडणार नाही?

रूप देखणे, अंगलट भरदार आणि कीर्ती चहूकडे पसरलेली. चित्रपटसृष्टीने त्यांना बोलावले यात नवल नाही. 'कभी अजनबी थे' या हिंदी चित्रपटात ते नायक झाले. पूनम धिल्लाँ नायिका होत्या. भारताचे यष्टिरक्षक सय्यद किरमाणी यांनीही त्यात भूमिका केली. १९८५ साली हा चित्रपट झळकला. परंतु तो चालला नाही. त्याआधी काही महिने, डिसेंबर १९८४ मध्ये, दिल्लीच्या कसोटीनंतर त्यांना संघातून वगळण्यात आले होते. पुन्हा कसोटी खेळण्याचा योग त्यांना आला नाही. मैदान दुरावले आणि पडद्यानेही आपले म्हटले नाही!

असे का व्हावे? मैदानावरचे धैर्य खरे असते. तेथे चेंडू एकदाच येतो आणि क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो. अभिनयात मात्र एकच प्रसंग पुन्हा पुन्हा करावा लागतो आणि प्रत्येक वेळी तो प्रथमच घडत आहे असे भासवावे लागते. आवाज, नजर, मुद्रा यांची साधना तेथे लागते. कीर्ती दार उघडून देते. आतले काम मात्र शिकलेल्यालाच करता येते.

आता अमेरिकेकडे वळू. तेथील फुटबॉल आपल्या फुटबॉलाहून निराळा. त्यातील लांबट चेंडू हातांत धरून धावतात व दूरच्या सोबत्याकडे फेकतात. टेक्सास प्रांतात १९१४ साली जन्मलेले सॅमी बॉ या फेकीत अद्वितीय होते. लहानपणी त्यांनी झाडाला मोटारीचे जुने टायर टांगले होते. ते टायर झोके घेत असताना त्याच्या मधल्या पोकळीतून चेंडू पार करण्याचा सराव ते तासन्‌तास करीत. १९३७ पासून ते वॉशिंग्टनच्या संघाकडून खेळू लागले.

त्या काळी तिकडे घोडेस्वार नायकांचे साखळी चित्रपट फार लोकप्रिय होते. आठवड्याला एक भाग दाखवीत आणि नायक संकटात सापडला की भाग संपे. पुढे काय झाले हे पाहण्यास मुले पुढच्या आठवड्यात पुन्हा धावत. १९४१ साली अशाच बारा भागांच्या 'किंग ऑफ द टेक्सास रेंजर्स' या चित्रपटात बॉ नायक झाले. कथेतला नायकही फुटबॉलपटूच. वडिलांच्या मारेकऱ्यांचा शोध घेण्यासाठी तो खेळ सोडून पोलीस दलात शिरतो आणि घातपाती टोळीशी झुंजतो. खरे बॉ मात्र खेळ सोडून गेले नाहीत. त्यांनी घोडा, बंदूक आणि पडदा मागे ठेवला व ते मैदानावर परतले. १९५२ पर्यंत ते खेळले आणि पुढे टेक्सासातच गुरे पाळून राहिले. २००८ साली ते वारले, तेव्हा लोकांनी आठवण काढली ती त्यांच्या अचूक फेकीची.

संदीप पाटील यांची कथाही १९८५ पाशी थांबत नाही. ते मध्य प्रदेशाकडून खेळले, त्यांनी मराठीतून क्रीडालेखन केले आणि पुढे ते केनिया देशाच्या संघाचे प्रशिक्षक झाले. केनियाला तेव्हा कसोटी खेळण्याचा दर्जाही नव्हता. तरीही २००३ च्या विश्वचषकात हा लहानसा संघ उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे त्याची गाठ पडली ती भारताशीच! भारत जिंकला, पण हरलेल्या संघाला तेथवर आणण्याचा मान एका मराठी गुरूचा होता. नंतर २०१२ ते २०१६ या काळात ते भारतीय निवड समितीचे अध्यक्ष होते.

नव्या क्षेत्रात पाऊल टाकणे हा दोष नव्हे. तेथे यश आले नाही, तर ती लाजेची गोष्टही नव्हे. जी विद्या आपण घाम गाळून मिळवली, ती मात्र आपली साथ सोडत नाही. चित्रपटगृहातील टाळ्या खेळ संपताच विरून जातात. टांगलेल्या टायरातून चेंडू फेकणाऱ्या मुलाचा सराव आयुष्यभर त्याच्या कामी येतो.

स्वाध्याय
१. सिडनी व ॲडलेड येथील प्रसंगांतून संदीप पाटील यांचा कोणता गुण दिसतो?
२. मैदानावरील धैर्य आणि अभिनय यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
३. 'कीर्ती दार उघडून देते. आतले काम मात्र शिकलेल्यालाच करता येते.' हे विधान उदाहरण देऊन स्पष्ट करा.