पाहिलं तेच लिहा

अकरावीत मी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’वर प्रकल्प केला. संदर्भ म्हणून ऐटीत लिहिलं : ‘रायतूर, १६१६’. बाईंनी विचारलं, “ही प्रत कुठे पाहिलीस गं?” माझी बोलतीच बंद! १६१६, १६४९ आणि १६५४ या जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. मी वाचली होती ती देवनागरी आवृत्ती. १६१६ हे साल तिच्या प्रस्तावनेतून उचललेलं.

तेव्हापासून तीन गोष्टी पाळते. एक, पुस्तक हातात असतानाच लेखक, संपादक, प्रकाशक, साल आणि पान वहीत टिपायचं. दोन, दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलेला मजकूर असेल तर तसं सरळ सांगायचं. तीन, जुन्या काव्यात नुसता पानाचा आकडा पुरत नाही. जोसेफ साल्ढाणांच्या १९०७च्या रोमन आवृत्तीतलं पान देवनागरीत जुळणार नाही. म्हणून पुराण पहिलं की दुसरं, अवस्वरू आणि ओवी यांचे क्रमांक द्यायचे.

संदर्भ गुणांसाठी नसतो, मित्रांनो. आपल्या मागून येणाऱ्याला त्याच ओवीपर्यंत पोचता यावं, म्हणून तो असतो. चुकीचा पत्ता दिला तर तो बिचारा फिरत बसेल.