गोळी बाधली म्हणून गोळी सोडू नका



आपल्या अंकात बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त, खोडवा राखणे या विषयांवर लेख येत असतात. या खेपेचा विषय निराळा आहे. घरात दार लावून ज्याची चर्चा होते तो, म्हणजे मनाचा आजार आणि त्यावरच्या गोळ्या.

गेल्या काही वर्षांतली एक हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही, सांगायचे कारणही नाही. आपल्याच एका सभासदाचा बावीस वर्षांचा मुलगा. रात्र रात्र जागायचा, शेजारचे लोक आपल्यावर पाळत ठेवतात म्हणायचा, एकटाच बडबडायचा. बाहेरचे काही असेल म्हणून सहा महिने इकडे-तिकडे फिरवण्यात गेले. शेवटी सोलापूरला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, असे निदान करून हॅलोपेरिडॉल चालू केले. तिसऱ्या दिवशी पोराची मान एका बाजूला वळून आखडली, डोळे वर गेले. आई घाबरली. "गोळीनं माझं पोरगं वाकडं केलं," म्हणून गोळ्या उकिरड्यावर गेल्या. मान आपोआप सरळ झाली, त्यामुळे घरच्यांची खात्रीच पटली. दोन महिन्यांनी आजार दुप्पट जोराने उलटला. पोरगा रात्री घरातून निघून गेला, तो चौथ्या दिवशी कुर्डुवाडी स्टेशनावर सापडला.

आता यात चूक कोणाची म्हणायची? मान वळणे हा त्या औषधाचा माहीत असलेला त्रास आहे. तरुण पोरांना, पहिल्या चार-पाच दिवसांत, तो अधिक होतो. त्यावर इंजेक्शन आहे आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात मान सैल पडते. पुढे डोस कमी करता येतो, जोडीला दुसरी गोळी देता येते किंवा औषधच बदलता येते. पण हे घरच्यांना आधी कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही परत जाऊन विचारले नाही. पुढे त्या मुलाला दुसरे औषध लागू पडले. आज तो उसाला पाणी देतो, दुधाचा हिशोब ठेवतो.

गोळी बाधते याचे कारण साधे आहे. मेंदूतल्या ज्या रसायनाचा जोर या आजारात काही ठिकाणी वाढतो, तेच रसायन हातापायांच्या हालचालीही सांभाळते. औषध दोन्हीकडे पोचते. मग हात थरथरतात, चाल आखडते, एका जागी बसवत नाही.

"मग झाडपाल्याचं घेतो, त्याला साईड इफेक्ट नाही," असे पुष्कळजण म्हणतात. त्यांच्यासाठी सर्पगंधेची गोष्ट. ही आपल्या देशातली मुळी. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब व वेड यांवरचा तिचा उपयोग लिहून ठेवला. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबावरचा आपला अनुभव विलायती नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे तिच्यातले रेसर्पिन वेगळे काढून अमेरिकेत मानसिक रुग्णांना देऊ लागले. पण नाक चोंदणे, रक्तदाब फार उतरणे आणि काही रुग्ण उदास होणे अशा तक्रारी आल्या व ते मागे पडले. जे लागू पडते ते बाधूही शकते, मग ते मुळीतले असो की कारखान्यातले.

आपल्या जिल्ह्यापुरती सर्वांत महत्त्वाची गोष्ट लिथियमची. कधी अतोनात उत्साह, उधळपट्टी, झोप नाही, आणि कधी खाटेवरून उठवत नाही, अशा दोन टोकांच्या आजारावर हे औषध १९४९ पासून माहीत आहे आणि आजही उत्तम आहे. लिथियम हे मिठाच्या जातीचे. अंगातले पाणी व मीठ कमी झाले की मूत्रपिंड ते बाहेर टाकायचे सोडून धरून ठेवते आणि रक्तात त्याचे प्रमाण चढते. आपला चैत्र-वैशाख कसा असतो हे सांगायला नको. त्यात कोणी जुलाबाने हैराण असेल, किंवा आषाढीला पंढरपूरला चालत निघाला असेल, वर एकादशी निरंकार धरली असेल, तर धोका आहे. पाय दुखतात म्हणून मेडिकलमधून आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतले तर धोका आणखी वाढतो, कारण या गोळ्याही लिथियम अंगात कोंडतात. वारीला जाऊ नका असे माझे म्हणणे नाही. पण निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, रक्तातले प्रमाण तपासा, पाणी पीत राहा, मीठ एकाएकी तोडू नका. हात जोरात कापणे, झोकांड्या जाणे, उलट्या, बोलणे जड होणे अशी लक्षणे दिसली तर मात्र पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तसेच छिन्नमनस्कतेच्या गोळ्या चालू असताना जोराचा ताप येऊन अंग लाकडासारखे ताठले व भान हरपले, तर तेही तातडीचेच काम समजावे.

बाकीचे थोडक्यात. ओलान्झापिनने भूक खवळते, वजन व रक्तातली साखर वाढते. साखर कारखान्याच्या अंकात लिहायला अवघड वाटते, पण अशा माणसाच्या चहात साखर कमीच बरी. क्लोझापिनवर असणाऱ्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी चुकवू नये. ताप किंवा घसादुखी आली तर लगेच दाखवावे. उदासीनतेच्या गोळ्यांना गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते. त्यामुळे बहुतेकजण नेमके तिथेच औषध सोडतात. सवय लागते ती मुख्यतः अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची, सगळ्यांची नव्हे. सुस्ती असेपर्यंत ट्रॅक्टर चालवू नये, मोटर चालू करायला विहिरीवर एकट्याने जाऊ नये. रात्रपाळीच्या विजेमुळे जागरण होत असेल तर दारे धरायला घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठवा, कारण दोन टोकांच्या आजारात जागरणानेच पुन्हा सुरुवात होते.

आणखी एक. घरात कोणी फार उदास असेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर फवारणीची औषधे घरात ठेवू नका, कुलपात दुसरीकडे ठेवा. गोळ्यांचा साठाही एकाने आपल्या ताब्यात ठेवून रोजच्या रोज द्यावा. त्याच्याशी सरळ विचारून बोलावे. विचारल्याने असा विचार डोक्यात भरतो ही समजूत खोटी आहे. आणि रुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मना आहे.

सोलापूरला छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस ही सरकारी फोनसेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. दवाखान्यात जाताना जुने कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, रक्तदाबाच्या गोळ्या, वैद्याच्या पुड्यासुद्धा पिशवीत घाला, आणि कोणती गोळी कोणत्या तारखेला सोडली ते खरे सांगा. डॉक्टर रागावतील म्हणून हे लपवतात, आणि मग ते डोस वाढवत बसतात.