गोष्ट कुणाची, नाव कुणाचे?

मागच्या भित्तिपत्रकात माझ्या नावाने एक गोष्ट लागली होती. ती मी पुस्तकातून उतरवली होती. आई शाळेत आली, तिने वाचली आणि विचारले, "काहून रे, हे गोष्ट तुह्या मनातली हाय काय?" मी खाली पाहिले.

मग गुरुजींनी समजावले. गोष्ट ही लेखकाची मेहनत असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखक हयात असेपर्यंत व मृत्यूनंतर ६० वर्षे तिच्यावर हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली वारले. म्हणून २०१० नंतर 'श्यामची आई' कुणालाही छापता येते. पण हक्क संपला तरी लेखक बदलत नाही. नाव साने गुरुजींचेच!

मग उतारा घ्यायचाच नाही काय? घ्यावा. अभ्यासासाठी किंवा पुस्तकाची ओळख करून देताना गरजेपुरता घेता येतो. खाली पुस्तकाचे व लेखकाचे नाव लिहावे. नुसत्या कल्पनेवर मात्र कुणाचा हक्क नसतो. आईच्या मायेवर आपणही लिहू शकतो. शब्द आपले हवेत.

या वेळी मी मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणाऱ्या जुन्या शकुंतला गाडीवर लिहिले आहे. आठवणी आजोबांच्या आहेत, म्हणून खाली त्यांचेही नाव टाकले आहे.