थकवा म्हणजे नालायकी नव्हे



कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात ठाकुरवाडी नावाच्या अनेक वस्त्या आहेत. अशा वाडीतून कॉलेजात जाणारे मूल पुष्कळदा घरातले पहिलेच असते. अभ्यासातले अडले तर घरी विचारायला कोणी नसते, आणि सगळ्यांची आशा मात्र त्याच्यावर.

त्यात जातवैधता प्रमाणपत्राची प्रतीक्षा. 'ठाकूर' हे नाव आदिवासी नसलेल्यांतही आढळते. म्हणून पडताळणीत कागदपत्रांबरोबर चालीरीती, सणवार यांविषयीही विचारले जाते. ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२३ रोजी स्पष्ट केले. तरी कागद हाती येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. मग मूल स्वतःलाच विचारू लागते, "माझी लायकी तरी आहे का?"

इथेच थांबून विचार करू या. कागद अडला म्हणजे माणूस उणा ठरत नाही. मार्क हे एका पेपरचे मोजमाप आहे, आपले नव्हे.

सततच्या ताणाने कामात येणाऱ्या थकव्याची तीन लक्षणे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मांडली. अभ्यासातही ती दिसतात:

१. अंगात त्राण नसणे.
२. ज्याची आवड होती त्याचाच वीट येणे.
३. आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे.

तिसरे लक्षण फसवे असते. ते थकव्याचे बोलणे असते. आपण त्याला सत्य समजतो.

मग काय करावे?

वहीच्या पानावर दोन रकाने आखा. एकात आपल्या हातातले लिहा: आजचा धडा, अर्जाची पोचपावती सांभाळणे, वेळेवर झोप. दुसऱ्यात हातात नसलेले: निकालाची तारीख, समितीचा निर्णय. रोज पहिल्याच रकान्यातले एक काम पुरे करा. परीक्षेच्या दिवसांतही झोप मोडू नका.

पालकहो, "किती मार्क पडले?" याआधी "जेवलास का?", "जेवलीस का?" असे विचारा.

निराशा हटत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर एकटे राहू नका. विश्वासातल्या माणसाला लगेच सांगा. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते.

घरी चर्चेसाठी:
- आपल्या घरात मुलाचे कौतुक कशावरून होते?
- या आठवड्यात कोणाची विचारपूस करायची राहिली आहे?