पहिला हप्ता येईपर्यंत

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीहून कुणी मास्टर्सला किंवा पीएच.डी.ला परदेशी निघालं, की आम्हा इकडे परदेशात राहणाऱ्या वऱ्हाडी घरांत फोन सुरू होतात. सरकारी शिष्यवृत्तीवर आलेल्या पोरापोरींना आम्ही पहिल्या आठवड्यात जेवू घातलं, त्यांच्या अडचणी जवळून पाहिल्या. त्या सगळ्या घरांचं बोलणं इथे एकत्र केलं आहे. एका गोष्टीवर सर्वांचं एकमत झालं : शिष्यवृत्ती मंजूर होण्याची तारीख वेगळी आणि पैसे हातात पडण्याची वेगळी. मधल्या दिवसांची तयारी घरूनच करून निघायची.

आधी आपली योजना ओळखा. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा, आणि कामकाज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालतं. बंजारा समाजाचं तीर्थ पोहरादेवी आपल्याच तालुक्यात, बंजारा घरंही पुष्कळ. पण बंजारा ज्यांत मोडतात त्या विमुक्त-भटक्या आणि ओबीसी विद्यार्थ्यांची योजना इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे आहे, हे माहीत नसल्यानं अर्ज भलत्याच दारात जातो. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी, खुल्या गटासाठी तंत्रशिक्षण संचालनालय, आदिवासींसाठी आदिवासी विकास विभाग. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती १२५ जागांची आहे : ११५ अनुसूचित जातींच्या, ६ विमुक्त-भटक्यांच्या, ४ भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या. या शेवटच्या चार जागांकडे गावातल्या मजुरांच्या घरांनी जरूर पाहावं. मात्र भारतीय समाज, इतिहास, संस्कृती हे विषय केंद्रानं २०२२ मध्ये या योजनेतून वगळले. तुमचं संशोधन त्यातलं असेल तर राज्याची योजना धरा. अटी वरचेवर बदलतात, म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या दादाला विचारून अर्ज भरू नका. त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा.

एकाच योजनेवर विसंबूही नका. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या योजनेत निवडलेल्या १०६ जणांपैकी ४० जणांनाच सुरुवातीला मंजुरीपत्रं मिळाली. बाकीच्यांना निधीचं कारण सांगून थांबवलं होतं. आणि पीएच.डी.ची एक गोष्ट गावाकडे उशिरा कळते : जर्मनीत संशोधक विद्यार्थ्याला बऱ्याचदा विद्यापीठ किंवा संस्था नोकरीवरच घेते, अमेरिकेत अध्यापन-साहाय्यावर फी आणि खर्च निघतो. म्हणून आधी मार्गदर्शक प्राध्यापकाला लिहा, मग सरकारी अर्ज. यवतमाळची एकलव्य संस्था घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्यांना अशा अर्जांत मदत करते. ती उभी करणारे राजू केंद्रे बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपरी खंदारेचे, स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकलेले.

आता कागद. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, आणि या सगळ्यांत जास्त दिवस खाणारं जात वैधता प्रमाणपत्र. आमच्यातल्या एका घरची पोरगी प्रवेशपत्र हातात असूनही वैधतेसाठी थांबली आणि तिचं वर्ष गेलं. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट यांवरचं नाव अक्षरन् अक्षर एक हवं. वडिलांचं नाव एकीकडे अर्धं, एकीकडे पूर्ण असेल तर आधी तेच दुरुस्त करा. विद्यापीठाचं पत्र विनाअट हवं. ‘आयईएलटीएस नंतर देतो’ असं म्हणणाऱ्याला सशर्त पत्र मिळतं आणि तेवढ्यावर अर्ज अडतो.

ब्रिटनला निघालेल्यांनी आणखी थोडं ऐकावं. व्हिसासाठी खात्यात २८ दिवस पैसे दाखवावे लागतात; फी आणि राहण्याचा पूर्ण खर्च सरकार देत असेल तर त्याऐवजी सरकारचं प्रायोजकत्वाचं पत्र चालतं. ते पत्र दाखवून विद्यापीठाकडे आगाऊ रकमेची सूट मागा. ती मागता येते हे ठाऊक नसल्यानं काहींनी वावर गहाण टाकून पैसे भरले, हे आम्ही पाहिलं आहे. व्हिसासोबत आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. तो शिष्यवृत्तीत बसतो का, आधी लेखी विचारा. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त दवाखान्यातच होते, त्यासाठी मोठं शहर गाठावं लागतं. काही तांत्रिक विषयांच्या संशोधनाला एटीएएस नावाची वेगळी परवानगी लागते, तिला आठवडे जातात. जर्मनीला मास्टर्ससाठी जाणाऱ्यांनी शैक्षणिक कागदांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र सर्वांत आधी काढावं.

पोहोचल्यावर बँकेचं खातं उघडायला वेळ जातो, आणि खातं नाही तोवर निर्वाहभत्ताही नाही. निदान दोन महिन्यांचं भाडं आणि किराणा निघेल एवढे पैसे फॉरेक्स कार्डावर आणा. पहिलं वर्ष विद्यापीठाच्या वसतिगृहातच काढा. बाहेरचा घरमालक ब्रिटनमधला जामीनदार मागतो आणि तो आपल्याला कुठून मिळणार? हप्ता लांबला तर विद्यापीठाच्या अडचण-निधीकडे अर्ज करा. लाजू नका, तो निधी त्यासाठीच असतो. पुढचा हप्ता प्रगती अहवालावर सुटतो. मार्गदर्शकाची सही महिनाभर आधी घेऊन ठेवा आणि पाठवलेल्या प्रत्येक ईमेलची प्रत जपा.

एक आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांवर कोलंबियाला गेले. पुढे लंडनचा अभ्यास चालू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. पण परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती; १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. तुमचीही मुदत संशोधन पुरं होण्याआधी संपू शकते. मुदतवाढीचं बोलणं शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच काढा, आणि लेखी. लंडनला आलात तर १०, किंग हेन्रीज रोडवरचं त्यांचं घर पाहा. महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये ते विकत घेतलं, आज तिथे स्मारक आहे.

जात वैधतेचा अर्ज अजून केला नसेल, तर विद्यापीठांची यादी बाजूला ठेवा आणि या आठवड्यात आधी तो करा.