क्षयरोग नियंत्रण आणि वस्तीतील स्वयंसेवकाचे प्रशिक्षण

क्षयरोग असाध्य राहिलेला नाही. साधारण सहा महिने नियमित औषध घेतल्यास बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात व शासकीय दवाखान्यात हे औषध मोफत मिळते. तरीही रोग हटत नाही. गोळी दवाखान्यातून घरापर्यंत पोहोचते. परंतु ती सहा महिने रोज पोटात जावी लागते, आणि त्या वेळी घरात डॉक्टर नसतो. तेथे शेजारचा माणूस लागतो. या माणसाला काय शिकवावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पहिल्या दिवशी मद्रासचा प्रयोग सांगावा. पूर्वी क्षयरोग्याने सॅनेटोरियममध्ये जाऊन विश्रांती घ्यावी असे मानत. गरिबाला ते परवडत नसे. १९५६ साली मद्रास येथे स्थापन झालेल्या संशोधन केंद्राने दाटीवाटीच्या घरांत राहून औषध घेणाऱ्या रुग्णांची सॅनेटोरियममधील रुग्णांशी तुलना केली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरचे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले होते, आणि पुढील पाहणीत त्यांच्या कुटुंबीयांत रोग अधिक पसरल्याचे आढळले नाही.

हे आधी सांगायचे कारण असे की, वस्तीत पहिला प्रश्न ताट-वाटीचा येतो. क्षयरोग हवेवाटे पसरतो, भांड्यांतून नाही. रुग्णाने खोकताना तोंडावर कापड धरावे, खिडकी उघडी ठेवावी; योग्य औषध लागू पडले की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच कमी होतो. आपल्या वाडवडिलांनी वेगळ्या कपातला चहा प्यायला आहे. त्यांच्याच घरात आजारी सुनेचे ताट वेगळे मांडलेले मला तरी पाहवत नाही.

दुसरा पाठ रोगी ओळखण्याचा. दोन आठवडे वा अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, बेडक्यातून रक्त यांपैकी काहीही असल्यास तपासणीस पाठवावे. बेडका घेताना चूक फार होते. लोक तोंडातील लाळ देतात आणि मग अहवालाचा उपयोग होत नाही. खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. तो उघड्यावर, इतरांपासून दूर घ्यावा. एक नमुना सकाळी उठल्याबरोबरचा असावा. घरातील इतरांचीही, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांची, तपासणी करून घ्यावी.

औषधाने लघवी नारिंगी होते, हे आधीच सांगून ठेवावे. नाहीतर रुग्ण घाबरून दुसऱ्याच दिवशी गोळ्या बंद करतो. मात्र डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. जुन्या कार्यकर्त्यांसाठी एक सूचना : १९९७ पासूनच्या डॉट्स कार्यक्रमात गोळ्या आठवड्यातून तीन वेळा असत. २०१७ पासून त्या रोज द्यायच्या आहेत. अजूनही काहीजण सवयीने ‘दिवसाआड’ सांगतात.

खरी परीक्षा तिसऱ्या महिन्यात. खोकला थांबलेला असतो, भूक लागते, रुग्ण कामावर जाऊ लागतो आणि गोळ्या फडताळात राहतात. अर्धवट उपचाराने रोग उलटतो, जंतू औषधांना दाद देईनासे होतात. म्हणून शिबिरात हा प्रसंग दोघांनी बसून करून पाहावा. एकाने रुग्ण होऊन म्हणावे, “ताई, मला आता बरं वाटतंय, कशाला त्या गोळ्या?” बहुतेक शिकाऊ कार्यकर्ते लगेच रागावतात किंवा भाषण देतात. त्यांना थांबवावे आणि एवढेच विचारायला लावावे, “दादा, कामाला किती वाजता निघता?” सकाळी सहाला नाक्यावर उभा राहणारा माणूस दहाला उघडणाऱ्या केंद्रात येऊ शकत नाही. गोळ्या त्याच्या वेळेला, त्याच्या घरी पोहोचायला हव्यात. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० व नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये मंजूर आहेत. बँक खात्याचे काम त्याच भेटीत उरकावे.

ऊसतोडीला जाणारे कुटुंब असेल तर दिवाळीपूर्वीच तयारी करावी. रुग्णाचा निक्षय क्रमांक कागदावर लिहून द्यावा, कारखान्याजवळचे आरोग्य केंद्र कोणते ते आपल्या केंद्रातून विचारून घ्यावे, उपचार तिकडे वर्ग करून घ्यावेत, वाटेतल्या दिवसांच्या गोळ्या बरोबर द्याव्यात, आणि मुकादमाचा फोन नंबर आपल्या वहीत लिहून घ्यावा.