बडोद्याची ममी पाहायला निघालीस तर

पोरी, ओझरहून लेकरांना घेऊन बडोद्याच्या संग्रहालयात निघालीस म्हणे. तुला सगळं आधीच ठाऊक असतं, तरी आत्याचं एवढं ऐकून जा.

१. सोमवार टाळ — संग्रहालयांची सुट्टी बहुधा त्याच दिवशी, आणि कुलूप पाहायला कुणी सापुताऱ्याचा घाट उतरत नाही.

२. पोरांना आधी खाऊ घाल, मगच तिकीट काढ — भुकेल्या डोळ्याला फक्त दार दिसतं.

३. गाडीतच त्यांना सयाजीरावांची गोष्ट सांग — ही ममी बडोद्यात आणणारे महाराज आपल्याच जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. 1863 साली जन्मलेला शेतकऱ्याघरचा गोपाळ 1875 मध्ये दत्तक जाऊन गादीवर बसला, हे कळलं की पोरं त्या इमारतीत परक्यासारखी शिरणार नाहीत.

४. काचेमागे बाहुली नाही, कधीकाळी जगलेलं माणूस आहे, हेही आधीच सांग — कळलेलं पोर घाबरत नाही आणि खिदळतही नाही. कुणाच्या घरी दुखवट्याला गेल्यावर बोलतो तेवढ्याच आवाजात तिथं बोला.

५. प्राचीन इजिप्तचे लोक ममी कशी करत, ते तू वाचून जा — प्रश्न तुलाच विचारतील! नॅट्रॉन नावाच्या क्षारात देह सुमारे 40 दिवस सुकवत आणि सगळे सोपस्कार 70 दिवस चालत. मेंदू नाकावाटे काढून टाकत, हृदय मात्र छातीतच राहू देत — परलोकात ते तराजूत घालून सत्याच्या पिसाशी तोलतात, अशी त्यांची श्रद्धा होती.

६. फोटोची परवानगी असली तरी फ्लॅश नको — प्रखर उजेडानं जुनं कापड आणि रंग विटतात. पैठणी आपण सावलीतच वाळवतो ना?

७. पावसाळ्यात गेलात तर ओल्या छत्र्या बाहेरच ठेवा — ओल ही ममीची वैरीण. 2020 च्या ऑगस्टमध्ये जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये पाणी शिरलं, तेव्हा तिथली ममी वाचवायला पेटीची काच फोडावी लागली होती.

८. काचेला टेकू नका, नाकही लावू नका.

९. दालनातल्या पहारेकऱ्याला नमस्कार कर, दोन शब्द बोल — कुठं उभं राहिलं की काचेवर उजेड चमकत नाही, ते त्यालाच ठाऊक.

१०. तिथलाच निळ्या देवमाशाचा सांगाडा शेवटी दाखव — तो आधी पाहिला तर पोरं तिथून हलणार नाहीत, आणि ममीपाशी तू एकटीच उभी राहशील.